चिठ्ठीच्या कोपऱ्यातली आद्याक्षरं

निकाल न लागलेल्या फायली आणि किस्से, दोन्ही आपोआप साठत जातात. फायलींवर निदान धूळ तरी बसते. निवृत्तीनंतर जर्मनीत बाड हॉम्बुर्गला मुलीकडे राहायला आलो तेव्हा वाटलं, आता दोन्ही बंद. पण मुलीच्या ओळखीतली सायली, पुण्याची, इथे पीएचडी करणारी, मला फ्रँकफर्टच्या एका संग्रहालयात घेऊन गेली. शंभरेक वर्षांपूर्वी एक जर्मन मानववंशशास्त्रज्ञ साताऱ्याकडे तंबू ठोकून मराठी म्हणी गोळा करत हिंडला होता. त्या म्हणींच्या मोडीतल्या चिठ्ठ्या तिथे पेट्यांत पडून होत्या. सायली त्यांची सूची करत होती आणि तिला मोडी वाचणारं कोणीतरी हवं होतं.

*

पेट्या संग्रहालयाच्या केलरबाईंच्या ताब्यात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मोडी कुठे शिकलात?"

"तहसील कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये."

"त्साइगनिस?" म्हणजे प्रमाणपत्र.

"आमच्याकडे चष्म्याचा नंबर बघतात."

सायलीने इमानदारीत भाषांतर केलं. बाई हसल्या नाहीत, पण पेटी उघडली.

*

साहेबाची डायरी जर्मनमध्ये. सायली तिच्यातल्या तारखा चिठ्ठ्यांशी ताडून पाहत होती.

"काका, हे बघा. हा सगळा आठवडा साहेब तापाने तंबूत पडून आहेत. आणि म्हणी रोज चाळीस!"

"ताप मानवला असेल," मी म्हणालो.

*

मोडीतल्या प्रत्येक चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक खूण होती. जुन्या सूचीत तिच्याबद्दल 'अर्थ अज्ञात, बहुधा धार्मिक' असं लिहून ठेवलेलं. मला आधी हसू आलं, मग येईना. मसुदा साहेबाच्या सहीला जातो तेव्हा लिहिणारा कारकून कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकतो. चूक निघाली तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. चौतीस वर्षं मीही टाकली.

"ग. वि.," मी वाचून दाखवलं. "म्हणी यानेच गोळा केल्यात."

केलरबाई म्हणाल्या, "असेलही. पण संग्राहकाच्या रकान्यात आद्याक्षरं चालत नाहीत. पूर्ण नाव हवं. सूची शुक्रवारी छापायला जातेय."

म्हणजे शुक्रवारनंतर त्या रकान्यात एकटा साहेबच राहणार होता.

*

गुरुवारी शेवटची पेटी. एक चिठ्ठी जरा जाड लागली म्हणून उलटली. मागे इंग्रजीत अर्ज: मुलगी फार आजारी आहे, चार दिवसांची रजा मिळावी. खाली पूर्ण नाव, गणेश विठ्ठल मोघे. शेजारी साहेबाचा शेरा: 'संग्रह पुरा झाल्यावर.'

नामंजूर अर्जाच्या कोऱ्या बाजूवर त्याने त्याच दिवशी म्हण उतरवली होती. कोपऱ्यात आद्याक्षरं होतीच.

केलरबाईंनी रकान्यात नाव लिहिलं, साहेबाच्या वर. मग पेन तसंच धरून म्हणाल्या, "आणि ती मुलगी?"

सायलीने दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्या काढल्या. लिपी रोमन, अक्षर साहेबाचं, कोपरा कोरा. दिवसभरात दोन.