बांधावरची आई

शेतातल्या मांडवात लग्न लावायला मला आवडायचं. परवा मात्र मुलीची आई लांब बांधावर उभी दिसली. नवरा गेल्यापासून हे शेत तीच कसते. मांडवाला जागा हवी म्हणून तिनेच हरभरा हिरवा असतानाच उपटला होता. कन्यादानाला चुलता बसला.

"ताई, पुढे या की," मी हाक मारली.

चुलता दबक्या आवाजात म्हणाला, "नको गुरुजी, शुभकार्य आहे."

तीही तिथूनच म्हणाली, "राहू द्या. पोरीचं नीट पार पडू द्या."

मंत्रांतून मी अग्नीला, पृथ्वीला साक्षीला बोलावतो. त्यांना कुणी अडवत नाही.

मी 'सावधान' म्हणालो, तशा सगळ्यांनी अक्षता टाकल्या. बांधावरून तिनेही हात उंच करून टाकल्या. त्या शेजारच्या गव्हातच पडल्या.