शिक्षा क्षेत्र

मनोरमाताईंच्या गाडीला मागे दोन पाट्या होत्या. एक शिकाऊ गाडीचा लाल ‘एल’, आणि त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली दुसरी: ‘बाईस साल, एक भी चालान नहीं’. बावीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवत होत्या आणि दंडाची एक पावती कधी घरात आली नव्हती. गाव हिंदी मुलखातलं; त्यांच्या अख्ख्या कृष्णपुऱ्याला ती पाटी पाठ होती. गिरणीतल्या कारकुनाच्या या मुलीला दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान नव्हता, लग्नातल्या शालूचासुद्धा नाही.

शिकवण्याची तऱ्हाही त्यांची आपली. पहिल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. पायी हिंडायचं आणि रस्त्यावरचे बोर्ड मोठ्याने वाचायचे. “चाळीस लिहिलंय म्हणजे चाळीस. बेचाळीस म्हणजे चाळीस नव्हे, समझे?” आणि कॅमेरा कुठे लावलाय असं कोणी विचारलं, की संपलंच. “कॅमेरा पाहून ब्रेक मारतो तो ड्रायव्हर नाही भिया, तो चोर आहे.” जीभ ही अशी. तरी शिकून गेलेली माणसं पुढे आपल्या सुनांनाही त्यांच्याकडेच पाठवत.

यंदा सुरुची आली. साताऱ्याची पोर, सांवेर रोडवरच्या कारखान्यात नुकतीच केमिस्ट म्हणून लागलेली, हिंदी जेमतेम. एका रविवारी दुपारी ती भंवरकुआंकडून गाडी नेत होती, आणि एका बोर्डापाशी तिने वेग झपकन तीसच्या खाली आणला. मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला.

“अगं, बैलगाडी आहे का ही?” ताई म्हणाल्या.

“ताई, पाटी बघा ना. ‘शिक्षा क्षेत्र, गति सीमा ३०’. इथे चुकलं की शिक्षा करत असतील.”

ताई हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अगं बाई, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. कोचिंगचा एरिया आहे हा. आणि आज इतवार, क्लासला छुट्टी, पुढे रस्ता खाली, मोकळा पडलाय. हो बाजूला, मी दाखवते.”

आणि ताईंनी गाडी घेतली. हसण्याच्या भरात घेतली, मुरलेल्या हाताच्या गुर्मीत घेतली. सुरुची शेजारी बसून वेगाच्या काट्याकडे बघत राहिली, पण बोलली नाही.

चौथ्या दिवशी ताईंच्या मोबाइलवर ई-चालान आलं. मर्यादा तीस, वेग अठ्ठेचाळीस. सोबत गाडीचा मागून काढलेला फोटो. नंबर प्लेट स्वच्छ दिसत होती, आणि तिच्यावर तेवढंच स्वच्छ, ‘एक भी चालान नहीं’.

मुलगा यतीन म्हणाला, “आई, टेन्शन नको घेऊ. गुपचूप भरून टाकू, पाटी राहू दे. कोणी विचारलंच तर म्हण, ती सुरुची चालवत होती. एल तर लागलेलाच आहे.”

ताईंनी दोन दिवस शिकवणी बंद ठेवली. खोटं कशाला बोला, त्यांना मोह झाला होता. फोटोत चालवणारा दिसत नव्हता, आणि बावीस वर्षं म्हणजे काही गंमत नाही. पण कॅमेरा विचारणाऱ्याला चोर म्हणणारी बाई आता फोटोत कोण दिसतं ते बघत बसली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, सपशेल लाज.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुरुची आली तेव्हा दंड भरून झाला होता, आणि ताई रंगाचा डबा घेऊन गाडीमागे उकिडव्या बसल्या होत्या. ‘भी’ गेला होता, ‘नहीं’ जात होता. उरलं ते एवढंच: ‘बाईस साल, एक चालान’.

“ताई, मी तेव्हा बोलायला हवं होतं,” सुरुची चाचरत म्हणाली.

“तू बरोबर वाचलंस गं. मलाच वाचता आलं नाही.”

पाटीवरून लोक आता जास्तच चौकशी करतात, आणि ताई सगळी हकिकत न लाजता सांगतात. शिष्य कमी झाले नाहीत. फक्त पहिल्या दिवशीची पायपीट आता कृष्णपुऱ्यातून नाही, भंवरकुआंच्या त्या बोर्डापासून सुरू होते.

“वाच,” ताई म्हणतात.

“शिक्षा क्षेत्र.”

“हे झालं हिंदीत. आता मराठीत वाच.”