पेटीभोवतीची माणसं

विमान विनिपेगला उतरू लागलं तेव्हा खाली रस्ता कुठला आणि नदी कुठली, काही कळत नव्हतं. सगळं पांढरं. माझं लक्ष मात्र मांडीवरच्या पाकिटात होतं. वसईहून निघताना पप्पांनी ते दिलं होतं. त्यांच्या आत्याला, म्हणजे फिलूआजीला, दाखवायचे घरातले जुने फोटो आणि पोस्टकार्डं. कॅनडातल्याच वॉन शहरातल्या माझ्या नोकरीत पहिली सुटी मिळेपर्यंत मी ते उघडलंच नव्हतं. विमानात उघडलं, तर आत मयताचा फोटो.

वसईत आमच्या ख्रिस्ती घरांत पेटी (शवपेटी) चर्चला नेण्याआधी सगळं घर तिच्याभोवती उभं राहून फोटो काढतं. हा फिलूआजीच्या आईचा होता. बर्फाच्या वादळामुळे आजीला तेव्हा जाता आलं नव्हतं. एकटी रडत बसेल म्हणून तिच्या धाकट्या भावाने, माझ्या डोमनिक आजोबांनी, तो कधी पाठवलाच नाही. मी तो कोटाच्या आतल्या खिशात सरकवला.

विमानतळावर आजीचा मुलगा केविनकाका आला होता. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या नाकातून प्लग लोंबत होता.

"रात्री इंजिनच्या हीटरला प्लग इन केली नाही तर थंडीने सकाळी गाडी मेली," काका म्हणाला.

घरात शिरताच माझ्या चष्म्यावर धुकं जमलं. कोणीतरी गाल ओढले; फिलूआजीच.

"डोमनिकची नात! हे बूट कसले गो? नाचायला आलीस?"

टेबलावर फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट इंदियाल होतं. शेजारी आम्ही पाकीट रिकामं केलं. पोस्टकार्डं आजीनेच इथून आईला पाठवलेली. एकावर गोठलेली नदी, आणि मागे तिच्या अक्षरात : "आई, इथे फारशी थंडी नाही."

"मम्मा, यू लाइड टू युअर ओन मदर?" काका हसला.

"मग काय लिहू? नाकात बर्फ झालाय?"

फोटो संपले. आजीने पाकीट उलटं करून झटकलं.

"आईच्या मयताचा?"

मी पाण्याचा ग्लास उचलला.

"तोंड बघ हिचं. आण बाय, घाबरू नको."

मी उठून कोटातून फोटो आणला. आजीने क्रूसाची खूण केली. आईच्या चेहऱ्यावर तिचं बोट थोडा वेळ थांबलं, मग भोवतीच्या एकेका चेहऱ्यावरून सरकत गेलं. पेटीच्या डोक्याशी ते पुन्हा थांबलं.

"बस्त्याव," ती म्हणाली. "आलेला."

बस्त्याव तिचा थोरला भाऊ. जमिनीवरून भांडून घर सोडलेला, आईशी बोलणं टाकलेला.

"फोनवर सगळे सांगायचे, आला होता म्हणून. मला वाटलं, लांब आहे म्हणून समजूत काढतात. आमच्या घरात खरं कोण सांगतं?" तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. "बघ केविन, तुझा मोठा मामा. पेटीला हात लावून उभा आहे. शर्टला इस्त्रीसुद्धा केलीय मेल्याने!"

मग तिने डोळे पुसले आणि गार झालेले फुगे परत तळायला घेतले. मी खुर्चीत मागे टेकले. विमानातून उतरल्यापासून पहिल्यांदाच.

परत निघताना पाकीट तिच्याकडेच राहिलं. लांब राहणाऱ्याला त्रास नको म्हणून आपण काय काय मागे ठेवतो, याचा मी विमानात विचार करत होते. वॉनला पोचल्यावर पप्पांना फोन लावला.

"आत्या बरी आहे ना?"

एरवी मी "हो, मजेत" म्हणून मोकळी झाले असते.

"रडली," मी म्हणाले. "बसा जरा, सगळं सांगते."