तपासणीपुरते उसने ऑसिलोस्कोप

मित्रमैत्रिणींनो, हा कागद भित्तिपत्रकावरून फाडायची गरज नाही. कोणी लिहिलाय ते आमच्या विभागप्रमुख सरांना आधीच ठाऊक आहे.

आज विद्यापीठाची समिती आपल्या कॉलेजचे विभाग तपासायला आली. इलेक्ट्रॉनिक्स विभाग पाहून ती चहाला बसली. तेवढ्यात तिथले ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारी ती यंत्रं, आमच्या इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत आणून मांडली गेली. आम्ही आजवर ती फक्त फळ्यावरच्या चित्रात पाहिली होती.

समितीतल्या मॅडमनी नेमकं मलाच विचारलं, "यावर प्रयोग करता ना?"

विभागप्रमुख माझ्याकडे बघून हसले.

मी म्हटलं, "नाही मॅडम. तुमचा चहा चालू होता, तेव्हा ही वरच्या मजल्यावरून आली."

बाहेर माझ्या वर्गातल्या सुनीताने माझा दंड धरला. "वाट लावलीस गं! गप्प बसता येत नव्हतं?"

विभागप्रमुखांनी तर सरळच विचारलं, "मान्यता गेली तर तुझ्या डिग्रीचं काय?"

भीती मलाही वाटते. माझ्या घरातली ती पहिली डिग्री असणार आहे. पण ती घेऊन मी अंधेरीच्या एखाद्या कारखान्यात गेले आणि तिथे हेच यंत्र समोर ठेवलं, तर काय करू? फळ्यावर चित्र काढून दाखवू?

उद्या समिती मेकॅनिकलला येणार आहे. आज मी एकटी बोलले, म्हणून आगाऊ ठरले. उद्या तुम्हाला विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?