बिनखांदाचे बैल

चांद्याच्या त्या दुकानदारावर मी आजही चिडलेलो आहे. तो कधीचाच गेला, गादीवर आता त्याचा नातू बसतो, तरी माझा राग जागच्या जागी आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्याला कुणी त्याच्याच हाताने त्याच्याच कामावर कानस मारायला लावलेली नसेल.

आमचं सुताराचं घर, आरमोरीजवळच्या एका खेड्यात. बाप नांगर, वखर, बंड्या म्हणजे बैलगाड्या करायचा आणि पोळा जवळ आला की लाकडी बैल. खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत गावभर मिरवतात, तो तान्हा पोळा. बापाचा बैल ठरलेला होता. मान ताठ, शिंगं कमानदार, अंग असं गुळगुळीत की माशी घसरावी. आज्याचाही तसाच. मीही विशी उलटेपर्यंत तसेच केले आणि चांगले केले. तेच तर सलायचं. ओसरीत मांडलेल्या बैलांत माझे कुठले आणि बापाचे कुठले, हे मला स्वतःलाच ओळखू येत नसे.

घरी आमचा एक तांबडा बैल होता. जंगलातून लाकूड ओढून ओढून त्याच्या खांद्यावर जू घासलं होतं, केस जाऊन जाड घट्टा पडला होता. आमच्याकडे खांद म्हटलं की हा घट्टा त्यात आलाच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. आई पळसाच्या पानाने त्या घट्ट्यावर तेल-हळद चोळायची आणि बैलाला जेवणाचं बोलावणं करायची, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. त्या वर्षी आई हळद चोळत होती, मी कासरा धरून उभा होतो आणि एकदम माझं डोकं फिरलं. तीन पिढ्या आम्ही बैल करतोय आणि एकाला म्हणून खांद नाही! सगळे ऐतखाऊ, जू न पाहिलेले. मी सिवनीच्या लाकडाचा ठोकळा घेतला आणि माझा बैल केला. मान खाली, पाय चिखलात रोवल्यासारखे, खांद्यावर जाड घट्टा. तेवढ्या जागी पटाशीचे घाव मुद्दाम तसेच ठेवले.

बापाने तो उलटसुलट करून पाहिला. "तुह्या बैलाले गळू झालं का बाबू?"

सगळं घर हसलं. मी नाही हसलो.

पुढल्या वर्षी मी ठरवलं की नांगर-वखर बापाने पाहावेत, मी बैलांचाच धंदा करणार. दोन पोती भरून बैल मोटारीच्या टपावर टाकले आणि चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, गेलो. दुकानदाराने एक उचलला, खांद्यावरून अंगठा फिरवला.

"हे गाठ कायची? गाठीचं लाकूड कोन घेते?"

"गाठ नोहे सेठ, खांद होय."

"जे असन ते असन. साफ करून दे. मंग सारे घेतो, आन दर साली घेतो."

दर साली घेतो! एवढ्या तीन शब्दांना मी विकलो गेलो. त्याच्याच दुकानाच्या पायरीवर बसून मी एकेका बैलाचा खांद पटाशीने उडवला, वरून कानस फिरवली. कुणी माझा हात धरला नव्हता, याचीच जास्त चीड येते. आणि सारे घेतो म्हणणाऱ्याने शेवटी पाच परत केलेच.

ते पाच घेऊन मी पोळ्याच्या आदल्या दिवशी आरमोरीच्या बाजारात बसलो. एक म्हातारी बाई आली, धानाच्या शेतीवाली. ऐन रोवण्यात, धानाच्या लावणीत, तिचा बैल साप चावून मेला होता. दावण रिकामी ठेवून पोळा कसा करायचा, म्हणून ती लाकडाचा बैल शोधत होती. तिने एक उचलला. डोळे अधू असावेत, कारण ती बोटांनीच पाहत होती. शिंगं, कपाळ, मान. मानेमागे बोटं थांबली, पुढे गेली, परत आली.

"याले खांद नाई?"

"नाई बाई."

"मंग मी हळद लावू कुठी?"

खांद असता, मीच घडवला होता आणि मीच उडवला होता. लाकडाचं एकदा काढलं की परत चिकटवता येत नाही. आत नुसती आग झाली, आणि ह्या वेळी ती त्या दुकानदारासाठी नव्हती.

"बाई, बसा थोडं," म्हटलं. हत्यारं जवळ होती, थैलीत एक ठोकळा होता. बाजार उठत आला तरी ती समोर बसून होती. चाकं नव्हती, शिंगं ओबडधोबड राहिली, पण खांद झाला. तिने पदराची गाठ सोडली, चिमूटभर हळद काढली आणि त्या घावांत बोटाने चोळली. मग बैल तोंडाजवळ नेऊन, दावणीतल्या बैलाशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

घरी आलो आणि ते पाचही बैल चुलीत घातले. आई ओरडली, "पोळ्याच्या तोंडावर बैल जाळतं का रे?"

"हे बैल नोहेत," मी म्हटलं.

सिवन छान पेटते. भात लवकर शिजला, आणि मी दोनदा वाढून घेतला.