गुरुवारची फेरी

हे मी आजवर घरात कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून तर माझी बाहेर खाल्लेली भजीही लपत नाहीत.

आमच्याकडे लग्न असो की बारसं, जेवणं उरकली की पोरं म्हणणारच, "काका, ते साहेबांचं सांगा." बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. पाथर्डीकडच्या एका आरोग्य केंद्रात मी कारकून होतो. खडी फोडण्याच्या कामावर मोठे साहेब पाहणीला आले, मी हार घेऊन धावलो आणि पाय घसरून मजुरांच्या पोरांसाठी कालवलेल्या दुधाच्या घमेल्यात बसलो. शंभरदा सांगितली असेल. दर वेळी घमेलं थोडं मोठं होतं. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो.

त्या गोष्टीतून मी एक बाई वगळली आहे. खरं तर दोन.

सिस्टर कुठल्या गावाला कधी जाणार, लस टोचणारा कुठे, औषधांची पेटी कुठे — हा फिरतीचा तक्ता मी करायचो. तक्ता भिंतीवर, आणि बदल तोंडी. रीतच ती. गुरुवार डोंगरापलीकडच्या वस्तीचा. तिथे यमुना नावाची बाई पोटुशी होती, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. आमच्या सुशीला सिस्टरनी तिला सांगून ठेवलं होतं — गुरुवारी येते, तपासते, वाटलं तर तालुक्याला हलवू.

बुधवारी निरोप आला, उद्या साहेब येणार. खडीच्या कामावर आमचा दवाखान्याचा तंबू होता. पण तंबूत कुणी दिसायला नको का? मी सिस्टरना म्हटलं, उद्या इथंच थांबा, इस्त्रीचं पांढरं पातळ नेसा. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, वस्तीवर बाई वाट बघतेय."

एका दिवसानं काय होतंय? शुक्रवारी जा — असं म्हणालो मी. तोंडात पान होतं. थुंकायलासुद्धा थांबलो नाही.

शुक्रवारी सिस्टर निघायच्या आधीच यमुनाचा नवरा केंद्रावर आला. पहाटे झटके येऊन ती गेली होती, पोटातल्या बाळासकट. तो भांडला नाही. ओट्यावर बसला आणि एवढंच म्हणाला, "सिस्टर येनार हुत्या, म्हून आमी चारा-छावनीतनं बैलं आनलीच न्हाईत. गाडी जुपली असती, व्हय."

मग चौकशी. जिल्ह्याहून एक डॉक्टर आले. तक्त्यात सिस्टर वस्तीवर होत्या, प्रत्यक्षात तंबूत. सिस्टरनी सरळ सांगितलं, भाऊसाहेबांनी तोंडी बदल केला. डॉक्टर माझ्याकडे वळले — केला होता का?

मी "नाही" म्हणालो.

इतकंच. मोठं कारस्थान वगैरे काही नाही, तेवढी अक्कलही नव्हती. नोकरी जाईल म्हणून? ती जात नव्हती. फार तर एक मेमो मिळाला असता. मी एका कागदाला घाबरलो — आणि सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, तर मी पंख्याकडे बघत राहिलो. पंखा बंद होता.

आठवड्यात त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या डोंगरात. हुकूम मीच नेऊन दिला. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवता आला असता. का नाही पाठवला, मला ठाऊक नाही. मला वाटलं होतं त्या बोलतील, चार शब्द ऐकवतील. निदान तेवढं तरी. त्यांनी कागद वाचला, सही केली, पेन मला परत दिलं.

मग विचारलं, "त्या घरी कुणी जाऊन आलं का, भाऊसाहेब?"

मी गेलो नव्हतो. वस्ती केंद्रापासून चार कोस. अजूनही मी तिथे गेलेलो नाही.