भीती घालवण्यासाठी टांगलेली घंटा

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमचा कारखाना होता. प्रेसवर पत्रा ठोकून पंख्यांचे भाग काढायचे, हे काम. मी तिथे माल तपासायला लागलो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि शेठचा मुलगा व्यवस्थापन शिकून नुकताच परतला होता. तोपर्यंत कारखान्यात शिव्या होत्या, चहा होता, पगार बहुधा वेळेवर होता. छोट्या शेठना त्यात एका गोष्टीची उणीव दिसली. संस्कृतीची.

"संस्कृती आपोआप होत नाही, ती विचारपूर्वक घडवावी लागते," असं त्यांनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीत उभं करून सांगितलं. डबे उघडून झालेले होते. "आणि आपल्या संस्कृतीचा पाया एकच. इथे कुणी कुणाला घाबरायचं नाही."

भीतीला बंदी झाल्याचं ऐकून मी त्या नोकरीत पहिल्यांदा घाबरलो.

बंदीच्या अंमलबजावणीसाठी दाराशेजारी पितळी घंटा आली. कुणालाही धोका दिसला तर त्याने ती वाजवायची, सगळ्यांनी मशिनं थांबवायची, आणि वाजवणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही. आमचे सुपरवायझर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जरूर वाजवा. वाजवणाऱ्याचं नाव मी कायम लक्षात ठेवीन."

छोट्या शेठनी या वाक्याला टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

मुहूर्त मात्र चुकला. घंटा आली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. यंत्रांची पूजा झाली तशी तिचीही झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. दसऱ्याची सुट्टी संपून कामावर आलेल्या पहिल्या माणसाने तिला एक टोला दिला, छातीला हात लावला आणि तो मशिनकडे गेला. मागच्याने तेच केलं. देवळाच्या दारातली घंटा आणि कारखान्याच्या दारातली घंटा यांत फरक करायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. महिनाभरात धोका सोडून सगळ्यासाठी ती वाजली. येताना, जाताना, मुलगा पास झाला म्हणून. मशिनवरची माणसं कपाळाकडे हात नेल्यासारखं करत आणि काम चालू ठेवत. लोकांनी घंटा आपलीशी केली, म्हणून छोटे शेठ खूश होते.

एके दिवशी दुपारी मुंबईहून मोठ्या कंपनीचे पाहुणे आले होते. त्यांना आमची संस्कृती दाखवायची होती. पंख्यांची ऑर्डर तुंबलेली होती, म्हणून मोठ्या प्रेसची पुढची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. जाळी असली की हात आत-बाहेर करायला वेळ लागतो. प्रेसवर वसईजवळच्याच पापडी गावचा एक वयस्क ऑपरेटर होता. आम्ही त्याला अंकल म्हणत असू. पत्रा आत सरकवायचा, पेडल दाबायचं, वरचा ठोकळा धाडकन खाली येऊन वर जायचा, मग हाताने भाग काढायचा.

माझ्या टेबलावर आलेल्या एका भागावर मला ठसा दुहेरी दिसला. एक ठसा आणि त्याला केसभर सरकून दुसरा. मी आणखी एक उचलला. त्याच्यावरही तेच. म्हणजे पेडल एकदा दाबल्यावर ठोकळा दोनदा खाली येत होता. सगळ्या वेळी नाही. मधूनच. अंकलचा हात अजून बाहेर राहिला होता, तो निव्वळ योगायोगाने.

ओरडून त्या आवाजात काही ऐकू जात नसे. प्रेसवरच्या माणसाला मागून हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा खरा नियम. दचकला तर पाय पेडलवर पडतो. मेन स्विच पाडला तरी प्रेसचं जड चाक कितीतरी वेळ फिरत राहतं. उरली घंटा. आणि घंटेखाली छोटे शेठ, सुपरवायझर आणि पाहुणे.

"इथे भीती नाही," छोटे शेठ त्यांना सांगत होते, तेव्हा मी त्यांच्या मधून घुसलो. सुपरवायझरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोला दिला.

कुणी मान वर केली नाही. एकाने छातीला हात लावला. पाहुणे हसले. माझा हात इतका कापत होता की लागोपाठ टोले देता येईनात. एक टोला, मग चाचपडत घंटेची दोरी धरायची, मग दुसरा. मग पुन्हा थांबून तिसरा. अंकल पेडल दाबत होता. ठोकळा खाली आला, वर गेला. भाग काढायला त्याचे हात निघाले होते.

ते मधेच थांबले. त्याने हात मागे घेतले, मान खाली घातली आणि उजवा हात कपाळाला लावला, छातीला लावला, खांद्याकडे नेला. तेवढ्यात ठोकळा आपणहून दुसऱ्यांदा खाली आला.

एका पेडलला दोन धाड. आजूबाजूच्यांच्या कानाला ते कळलं. एकेक प्रेस थांबत गेला.

"बघितलंत?" छोटे शेठ पाहुण्यांना म्हणाले. "याला म्हणतात संस्कृती."

"इन्स्पेक्टरसाहेब," सुपरवायझर माझ्या कानाशी म्हणाले, "जाब विचारत नाही. नाव तेवढं लक्षात ठेवलं." पण त्यांची नजर प्रेसवर होती आणि आवाज नेहमीचा नव्हता.

अंकल माझ्याजवळ आला. हळू आवाजात त्याने विचारलं, "कोण गेलं रे?"

मला समजेना.

"असे एकेक टोले आमच्या चर्चमध्ये माणूस गेल्यावर देतात. कोण गेलं?"

"कुणी नाही, अंकल," मी म्हटलं आणि हातातला दुहेरी ठशाचा भाग त्याच्यापुढे धरला.

त्याने तो बराच वेळ पाहिला. मग वळून प्रेसकडे पाहिलं. मग थंडी वाजत असल्यासारखे दोन्ही पंजे काखेत दाबून तो माझ्या स्टुलावर बसला. चहा आला. मी कप पुढे केला, पण तो घ्यायला त्याने हात बाहेर काढले नाहीत.